बद्रीनाथमामांचा कोरा चहा

माझे मामा बद्रीनाथ सोयरिकी जमवतात. ह्याला धंदा म्हटलेलं त्यांना खपत नाही. समाजाचं काम म्हणायचं. पिशोरचं घर भावावर सोपवून ते शहरात, मुकुंदवाडीत राहायला आले त्याला आता बरीच वर्षं झाली, पण कन्नड, खुलताबाद आणि पैठण तालुक्यांत कुणाचं पोरगं लग्नाला आलंय हे त्याच्या आईबापाच्या आधी मामांना कळतं. पोराला तर सगळ्यांत शेवटी.

ह्या कामातलं त्यांचं भांडवल म्हणजे संशय. मुलगा कंपनीत साहेब आहे असं कुणी म्हटलं की मामा त्या कंपनीच्या गेटसमोर पानटपरीवर जाऊन बसतात आणि साहेब कुठल्या रंगाच्या कपड्यांत बसमधून उतरतो ते बघून येतात. शेती बागायती आहे म्हटलं की विहिरीत खडा टाकून आवाज ऐकतात. मुलीला चष्मा आहे का, असं ते कधीच विचारत नाहीत. भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बोट दाखवून म्हणतात, "बाळ, जरा बघ गं चतुर्थी कवा हाय, तिथूनच." आणि उठता उठता, आवाज खाली आणून, प्रत्येक घरी ठरलेला सवाल: "घरात कुनाला काही दुखनं-बिखनं? लपवू नका. मी हुडकून काढतोच."

मी त्यांचा सख्खा भाचा, अभय. शेंद्र्याला नोकरी, स्वतःची गाडी, आणि अजून बिनलग्नाचा. माझ्यासाठी आलेल्या प्रत्येक मुलीच्या घरात मामांना काहीतरी काळंबेरं दिसलं आहे. एकीचा भाऊ म्हणे उगाच फार हसत होता.

मामांची आणखी एक रीत तिन्ही तालुक्यांना पाठ आहे. एखाद्या स्थळात खोट निघाली तर ते तोंडानं बोलत नाहीत, कारण उद्या त्याच माणसाच्या पुतणीचं जमवायचं असतं. ते फक्त चहा अर्धा ठेवतात. मामांनी कप अर्धा ठेवून टोपी उचलली की घरातली माणसं समजून जातात आणि फोटो परत मागवतात. त्यामुळं मामा चहा पिऊ लागले की लग्नघरातली दहा माणसं त्यांच्या घोटाकडं डोळे लावून बसतात.

तर अशा माणसाला रक्ताचं दुखणं जडलं.

सुरुवात हिरड्यांपासून झाली. दात घासताना फेस गुलाबी येऊ लागला, म्हणून मामांनी टूथपेस्टवर शक घेतला आणि तीन कंपन्या बदलल्या. मग नडग्यांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उठले. ढेकूण म्हणून गाद्या गच्चीवर वाळत पडल्या. मग दंडावर जांभळे-निळे डाग दिसायला लागले. कुठं आपटल्याचं आठवत नव्हतं, मारही नव्हता. मामांनी भामामामींना बाजूला घेऊन विचारलं, "तू झोपेत मारतीस काय मला?"

मामी म्हणाल्या, "जागेपनी मारायची सोडून झोपेत कामून मारू?"

शेवटी रक्त तपासलं. धडधाकट माणसाच्या प्लेटलेट दीड लाखाच्या वर असतात. मामांच्या वीस हजारही भरेनात. आपल्या शहरात प्लेटलेट कमी म्हटलं की डेंग्यू, त्यामुळं गल्लीतल्या दोन पपईच्या झाडांची पानं संपली. डेंग्यू निघाला नाही. कमरेच्या हाडातून मगज काढून तपासला, तोही ठीक निघाला. जालना रोडवरच्या रक्ताच्या डॉक्टर मनस्विनी मॅडमनी मग सांगितलं की शरीरातली पहारेदार व्यवस्था चुकून स्वतःच्याच प्लेटलेटना परकं समजते, आणि पोटातली प्लीहा त्यांना धरून मारते. जुनाट आहे, मुळातून जाईल असं सांगता येत नाही, पण सांभाळून नीट जगता येतं. मी मनात म्हटलं, मामांचं रक्त मामांवरच गेलंय.

आधी स्टिरॉइडच्या गोळ्या झाल्या. प्लेटलेट वाढल्या आणि सोबत मामाही वाढले. चेहरा ताटासारखा गोल झाला, भूक अशी की मामी पोळ्या लपवून ठेवायच्या, रात्रीची झोप गेली, साखर चढली. बाहेर लोक म्हणायचे, "मामा, तब्येत सुधारली बरं का." मामा हसून म्हणायचे, "शेराचं पानी मानवलं." गोळ्या कमी केल्या की प्लेटलेट परत खाली. दोनदा असं झालं.

ह्या दुखण्याची गंमत अशी की माणूस दिसायला ठणठणीत असतो. पण मामांना मोटारसायकल चालवणं बंद, वस्तऱ्यानं दाढी बंद, अंग दुखलं तर मनानं गोळी घेणं बंद. दुपारी असा थकवा यायचा की बोलता बोलता डोळे मिटायचे. लग्नात अक्षता टाकायच्या वेळी ते खांबाला टेकून उभे राहायचे, गर्दीत कुणाचं कोपर लागलं तर आठवडाभर डाग. पूर्ण बाह्यांचा सदरा त्यांनी भर मेमध्येही सोडला नाही. घरात मामी आणि मी सोडून कुणालाच काही माहीत नव्हतं. "सोयरीक जमवनाराच्याच रक्तात खोट हाय म्हनल्यावर," ते म्हणायचे, "लोकं मला ओट्यावर तरी बसू देतील का?"

मग मॅडमनी दुसरी गोळी सुरू केली. महागडी, रोज एक, प्लेटलेट बनवायला लावणारी. सांगितलं, सकाळी उपाशीपोटी घ्या, दूधदुभतं लांब ठेवा. मामांनी तसंच केलं. दूध बंद, दही बंद, ताक बंद. मामींनी घरातलं विरजणच मोडलं. तरी प्लेटलेट जागच्या जागी. मॅडमनी गोळीची ताकद वाढवली. तरी तेच.

आता मामांचा संशय असा पेटला की विचारू नका. पहिला नंबर औषधाच्या दुकानाचा. "पोरगं लई गोड बोलतं," मामा म्हणाले, "गोळी डुप्लिकेट हाय." मला दुसऱ्या दुकानात धाडून तीच गोळी आणवली. गच्चीवर उन्हात दोन्ही पाकिटं ठेवून आम्ही रंग, छपाई, वास सगळं ताडून बघितलं. तिळाचाही फरक नव्हता.

"बघा, खरी हाय," मी म्हटलं.

"म्हंजे दोघंबी सामील हायेत," मामा म्हणाले.

मग एकाच सकाळी दोन लॅबमध्ये रक्त दिलं. आकडे थोडे वेगळे आले, येतातच म्हणे. मामांना आनंद झाला. "एक तर नक्की लबाड हाय. आता कोनता ते हुडकू." पुढं काही दिवस त्यांची नजर मामींवरही होती, त्या गोळ्या बदलून ठेवतात की काय म्हणून पाकिटावर पेनानं खूण केली. मामींनी ती खूण पाहिली आणि दुसऱ्या दिवशी त्याच पेनानं खाली स्वतःची सही केली.

मॅडमचा मात्र संशय मामांवरच होता. त्यांना वाटे, हा माणूस गोळ्या घेतच नाही. त्यांनी आम्हाला तिघांनाही बोलावलं आणि सरळ सांगितलं, "गोळी लागू पडत नाहीये. एवढ्या कमी प्लेटलेटवर डोक्यात रक्तस्राव झाला तर मी काही करू शकणार नाही. आता प्लीहा काढायचा विचार करावा लागेल. आधी काही लसी, मग ऑपरेशन."

मामांचा चेहरा उतरला. ऑपरेशनचं भय होतंच, पण त्याहून मोठं दुसरं होतं. आपल्याकडं कुणी दवाखान्यात भरती झाला की नातेवाईक जीप करून येतात. तीन तालुके बिस्किटाचे पुडे घेऊन मामांच्या खाटेभोवती जमले असते आणि प्रत्येकानं विचारलं असतं, "नेमकं झालंय काय?"

"ऑप्रेशन न करता काही?" मामांनी विचारलं.

"मग मला खरं खरं सांगा," मॅडम म्हणाल्या. "सकाळी उठल्यापासून काय काय करता? काही गाळू नका."

आयुष्यभर दुसऱ्यांना खोदून विचारणारा माणूस पहिल्यांदा उत्तरं द्यायच्या खुर्चीत बसला होता. त्यांनी मांडी बदलली.

"उठतो. तोंड धुतो. गोळी घेतो, पान्यासंगं. उपाशीपोटी."

"मग?"

"मग आंघोळ."

"गोळीनंतर पहिल्यांदा पोटात काय जातं?"

"भाकरी. ती पार उशिरा."

"मधे काहीच नाही? दूध, दही?"

"बिलकुल नाय. हिला विचारा."

"खरंय," मामी म्हणाल्या. "घरात थेंब नाय दह्याचा."

मॅडमनी पेन बोटांत फिरवलं. "चहा?"

मामा हसले. "चहा तर व्हयच की."

"कधी?"

"गोळी घेतली की लगीच. आंघोळ झाली की परत एक. मग भाईर पडलो की ज्याच्या घरी जाईन तिथं."

"दुधाचा?"

"मग काय पान्याचा?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "अहो, उपाशीपोटी म्हणाला होतात ना तुम्ही?"

"चहानं उपास मोडतो व्हय?" मामा खरोखर बुचकळ्यात पडले होते. "चतुर्थीला मी दिवसभर चहावरच असतो."

आणि खरं सांगतो, त्या क्षणी मी आणि मामी दोघंही मान डोलावत होतो. मामांचं म्हणणं आम्हाला अगदी बरोबर वाटत होतं. चहाला आमच्याकडं कुणी खाण्यापिण्यात धरत नाही.

मॅडमनी समजावलं की दुधातलं कॅल्शियम त्या गोळीला पोटातच पकडून ठेवतं, रक्तात उतरूच देत नाही. "इतके महिने तुमचं महागडं औषध तुमच्या चहालाच लागू पडत होतं," त्या म्हणाल्या.

"मंग गोळी खरी हाय?"

"खरी आहे."

मामा थोडे नाराज झाल्यासारखे दिसले.

गोळी रात्री घेता येईल का, असं मॅडमनी विचारलं, पण रात्री मामा कुणाच्या ओट्यावर कितव्या कपाला असतील ह्याची खात्री मामीही देईनात. म्हणून पहाटे उठल्या उठल्या गोळी आणि नंतर दोन तास दुधाचं काहीही नाही, असं ठरलं. "तुम्ही तीन तास धरा," मॅडम म्हणाल्या.

"कामून?"

"तुमच्यावर माझा विश्वास नाही." मग जरा मऊ आवाजात: "महिनाभर बघू. वाढल्या तर ऑपरेशन टाळू. नाही वाढल्या तर टाळता येणार नाही. अगदीच तल्लफ आली तर कोरा चहा चालेल."

बाहेर आल्यावर मामा म्हणाले, "बाई हुशार हाय." पण कोऱ्या चहावर बोलले नाहीत. त्यांची अडचण मला ठाऊक होती. आमच्याकडं बिनदुधाचा चहा होतो तो मयतीच्या घरी. माणूस पोचवून आल्यावर शेजारपाजारचे किटलीत आणून देतात. सोयरिकीच्या घरात तो शब्दही कुणी काढत नाही. आणि मामांचं काम सगळं सकाळचं, माणसं शेतात नाहीतर कंपनीत जायच्या आधी. सुरुवातीचे दिवस त्यांनी "आत्ताच घेतला," "पित्त झालंय" करत रेटले. तेवढ्यात बिडकीनचा रविवार आला.

बिडकीनला गोकुळरावांची मुलगी संस्कृती आणि खुलताबादचा कृष्णा, ही सोयरीक मामांनी चार महिने खपून जमवली होती. त्या रविवारी खुलताबादकर येऊन सुपारी फुटणार होती. गोकुळरावांनी मामांना पाहुण्यांच्या आधी, सकाळीच बोलावलं होतं. मी गाडीवर घेऊन गेलो. पहाटेच्या गोळीला जेमतेम तास झाला असेल.

गोकुळरावांची जमीन कंपन्यांच्या पट्ट्यात गेलेली. नवा बंगला, नवा सोफा, सोफ्यावरचं प्लास्टिक अजून तसंच. कोपऱ्यात त्यांच्या आई साळूबाई पलंगावर पाय दुमडून बसलेल्या. चहा आला. घरच्या म्हशीच्या दुधाचा, वर साय धरलेला.

मामांनी कपाकडं बघितलं. मी मामांकडं बघितलं.

"आत्ताच घेऊन निघालो," मामा म्हणाले.

"आमच्या घरचा नाय का चालत?" गोकुळराव हसत म्हणाले. "आजच्या दिवशी? घ्या घ्या."

मामांचा हात कपाच्या कानापर्यंत गेला. प्यायले असते तर एका दिवसानं फार काही बिघडलं नसतं, असं मला वाटलं. पण उद्या दुसरं घर, परवा तिसरं, आणि महिनाअखेर ऑपरेशन. त्यांनाही तेच दिसलं असावं. हात मागं घेऊन ते हळूच म्हणाले, "कोरा असला तर द्या थोडा."

गोकुळरावांनी हातातला कप खाली ठेवला. आतल्या बायकांचं बोलणंही थांबलं.

"कोरा?" साळूबाई म्हणाल्या. "मयतीला आले का सुपारीला?"

गोकुळराव उठले, मामांचा दंड धरून त्यांना अंगणात घेऊन गेले. दंड चांगला घट्ट धरला होता. मी मागोमाग गेलो.

"मामा, खरं सांगा. पोराचं काय निघालं?"

"काई नाय निघालं. पोरगं सोनं हाय."

"मंग चहाला कामून हात लावला नाय?"

"पित्त हाय हो."

"मागच्या खेपेला ह्याच ओट्यावर चार कप पेले तुमी. तवा कुठं होतं पित्त?" गोकुळरावांचा आवाज चढला. "तुमचा अर्धा कप साऱ्या तालुक्याला माहीत हाय. आन् आज तर तोंडच लावलं नाय, वरून कोरा मागितला. येवढं वाईट हाय का? दारू? का आधीचं लगीन?"

"आईची आन, तसलं काई नाय."

"मी फोन लावतो खुलताबादला. नका येऊ म्हनून सांगतो." त्यांनी खिशातून मोबाईल काढला.

मामांनी एकदा माझ्याकडं बघितलं. तीन वर्षं पूर्ण बाह्यांत झाकलेली गोष्ट होती ती.

"थांबा," ते म्हणाले. "आजार मला हाय. पोराला नाय. रक्ताचा हाय. सकाळी गोळी असती, तिच्यावर दूध चालत नाय."

गोकुळरावांनी त्यांच्याकडं निरखून पाहिलं आणि मान हलवली. "मामा, पोराची खोट झाकायला सोताला आजार लावून घेऊ राहिले का?"

मला हसू आलं आणि रागही आला. जन्मभर गोडगोड सांगून लग्नं लावली, आणि खरं बोलायला गेले तर गिऱ्हाइक मिळेना. मामांनी डाव्या बाहीचं बटण सोडलं आणि बाही वर सारली. जुने पिवळे पडलेले डाग, त्यावर नवे निळे, आणि आत्ताच धरलेल्या ठिकाणी चार बोटांची लाली.

तोवर साळूबाई काठी टेकत बाहेर आल्या होत्या. त्यांनी वाकून दंड पाहिला, अंगठा जिभेला लावला आणि एका डागावर घासला. दोनदा.

"आजी, अहो!" मी ओरडलो.

"रंग नाय," त्या लेकाला म्हणाल्या. मग मामांना: "लागट हाय का?"

"नाय."

"लेकराबाळांत उतरतो?"

"नाय. डाक्टरीन म्हनली, हा तसा नाय."

"मंग लपविला कामून?"

मामा बाही खाली ओढू लागले. साळूबाईंनी मात्र सोडलं नाही. "माझ्या पोटाचं ऑप्रेशन तर तुमी पार गावातल्या नर्सबाईपोतूर जाऊन हुडकून काढलं. पदर सारून टाके मोजायचे तेवढे राहिले होते. आन् सोताचं सदऱ्यात?"

"चुकलं, मावशी," मामा म्हणाले.

"चुकलं काय. बसा आत." आणि स्वयंपाकघराकडं तोंड करून: "संस्कृती, कोरा टाक गं एक. आलं घाल. मयतीचा नाय म्हनावं, औषधाचा हाय."

खुलताबादकर आले, ओट्या-टिळे झाले. सुपारीचं ताट मधोमध आलं. जमवलेल्या प्रत्येक सोयरिकीची सुपारी मामाच फोडतात, हा त्यांचा मान. त्यांनी सवयीनं हात पुढं केला. गोकुळरावांनी अडकित्ता उचलला आणि आपल्या चुलत्यांच्या हातात दिला. "मामा, तुमी बसा. लागलं-बिगलं तर रक्त थांबायचं नाय तुमचं."

मामा खुर्चीवर बसून राहिले, टाळ्या वाजवताना मात्र सगळ्यांत मोठ्या वाजवल्या.

परतीच्या वाटेवर बिडकीनपासून पैठण रोडभर मागून एकच प्रश्न: "अभय, काळजीनं म्हनला का रे तो, का किळसेनं?"

"काळजीनंच, मामा."

थोड्या वेळानं परत. "पन ताटाला हात लागायच्या आधीच कामून उचलला अडकित्ता?"

ह्याचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही. मी त्या दोन सेकंदांचा बराच विचार केलाय. गोकुळराव चांगला माणूस आहे. तरी.

महिनाअखेर प्लेटलेट वाढल्या. दीड लाख नाही, पण मॅडमनी ऑपरेशनचं पान उलटण्याइतक्या. "असंच राहिलं तर पोटाला हात लावायची गरज नाही," त्या म्हणाल्या. हिरड्यांतून येणारं रक्त थांबलं होतं, दुपारची झोप कमी झाली होती. मामींनी मंदिरात नारळ फोडला आणि मामा अर्ध्या बाह्यांचा सदरा शिवायला टाकून आले.

बातमी मात्र बिडकीनहून मामांच्या आधी सगळीकडं पोचली. पैठणच्या एका घरानं मुलीचा फोटो परत मागवला. कन्नडच्या एकांनी फोन घेणंच सोडलं. मामा म्हणाले, "हे मला माहीतच होतं," आणि दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत.

मग पिशोरहून मामांच्या जुन्या शेजाऱ्यांचा, फकिरा काकांचा फोन आला; त्यांच्या पोरासाठी मामा मुलगी बघत होते. मी समोरच बसलो होतो. मामा आधी हां हां करत होते, मग एकदम ताठ झाले.

"आँ? फिट येते? पोराला? कवापासून? ... आरं, मी तुझ्या घरी येऊन देवासमोर विचारलं होतं तुला! ... काय म्हंजे, माझ्या आजाराचं ऐकलं म्हनून आता सांगायला जमलं?" फोन आदळून ते मामींकडं वळले. संतापानं लाल झाले होते. "भामा, हा माझ्या तोंडावर लबाड बोलला! गोळ्या चालू हायेत पोराच्या, चांगला हाय, तरी लपविलं. आन् परवा त्या पिशोरच्या मास्तरनंबी असाच फोन करून घरातलं दुखनं सांगितलं. किती लोकांनी बनवलं असंल मला!"

मामी भाजी निवडत होत्या. त्यांनी वर पाहिलंच नाही.

"चल रे, गाडी काढ," मामा मला म्हणाले. "तोंडावर विचारतो त्याला."

पिशोरला फकिरा काकांच्या ओट्यावर ते तासभर भांडले. खरं भांडले, शेजारी जमले. मग पोराला बाहेर बोलावून घेतलं. त्याला शेतात नेलं, विहिरीपर्यंत चालवलं, गोळी कुठली, केव्हा घेतो, शेवटची फिट कधी, सगळं उलटसुलट विचारलं. पोरगं नीट उत्तरं देत होतं.

अंधार पडायच्या आत आम्ही निघालो. घाट उतरलो.

"पोरगं चांगलं हाय," मग ते म्हणाले. "एक स्थळ हाय माझ्या डोळ्यासमोर. पन तिथं आधी सगळं सांगावं लागंल."